कातळावर मीटर लावताना: कोकणात पहिल्यांदा रेझिस्टिव्हिटी सर्वे करणाऱ्यांसाठी

देवगडकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर, मी पहिल्यांदा चार रॉड ठोकले तेव्हा जमीनमालक काका गडग्यावर बसून बघत होते, अर्धा तास काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "मीटराक काय कळतला रे, पाणी खय आसा ता?" मी नवीन होतो, राग आला. आता इतक्या वर्षांनी वाटतं काका अर्धे बरोबर होते. मीटरला पाणी कळत नाहीच. त्याला एकच गोष्ट कळते, जमिनीतून करंट किती सहज जातोय. त्यावरून पाणी, चिकणमाती, खारं पाणी, फुटका कातळ की सलग काळा दगड हे आपण ठरवायचं असतं, आणि कोकणात हे ठरवणं घाटावरच्यापेक्षा जास्त फसवं आहे. का ते पुढे येईलच.

हे लिहितोय ते जिऑलॉजीच्या पोरांसाठी, बोअरवाल्यांबरोबर फिरणाऱ्यांसाठी आणि स्वतःच्या बागेत स्वतः मोजून बघायची हौस असणाऱ्यांसाठी. गणित लागेल तेवढंच देतो.

आधी हे मोजतात काय ते बघू

जमिनीत चार रॉड एका ओळीत. बाहेरच्या दोनातून करंट सोडायचा, आतल्या दोनात व्होल्टेज मोजायचं. दोन रॉडनी का नाही भागत असं सगळेच विचारतात. दोनच रॉड लावले तर रॉड आणि माती यांच्यातला जो सांधा असतो त्याचाच अडथळा एवढा मोठा येतो की खालच्या जमिनीचा त्यात पत्ताच लागत नाही. व्होल्टेज वेगळ्या जोडीने मोजलं की त्या जोडीतून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून तिथल्या सांध्याचा त्रास होत नाही. ही युक्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जेने १९१२ पासून जमिनीत करंट सोडून बघायला सुरुवात केली आणि अमेरिकेत फ्रँक वेनरने १९१५ च्या सुमारास सारख्या अंतरावरच्या चार रॉडची पद्धत मांडली. आजही आपण त्या दोघांच्याच नावाच्या मांडण्या वापरतो.

जमीन करंटला किती अडवते ते म्हणजे रेझिस्टिव्हिटी, आणि तिचं उत्तर येतं ओम-मीटरमध्ये. आकडा जास्त म्हणजे करंटला वाट नाही, आकडा कमी म्हणजे वाट मोकळी. आपल्याकडे काय काय दिसतं ते ढोबळ सांगतो, आकडे घट्ट धरू नका, गावागणिक बदलतात. समुद्राचं पाणी ०.२ ओम-मीटर. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू १ ते १० च्या आत. ओली चिकणमाती १० ते ४० च्या घरात, कधी त्याखालीही. कुजलेला, फुटका, पाणी भरलेला बेसॉल्ट २० पासून ६०-७० पर्यंत. सलग काळा कातळ शंभराच्या वर, शेकड्यांत. आणि मे महिन्यातला सुका जांभा हजारांत जातो, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मीटर बिघडला.

आता या आकड्यांत घोळ बघा. चिकणमाती, मचूळ पाणी आणि गोडं पाणी असलेला फुटका दगड, तिघांचे आकडे एकमेकांवर चढतात. चिकणमातीच्या कणांवरच भार असतो त्यामुळे तिच्यातून करंट जायला भरपूर पाणी लागतच नाही, जरा ओल असली की पुरे. आणि कोकणात जांभ्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पिवळसर, पांढरी, लालसर पट्ट्यांची चिकट माती असतेच, कारण जांभा तयारच होतो खालचा दगड कुजून कुजून, मग दगड आणि जांभा यांच्यामध्ये अर्धवट कुजलेला थर राहणारच. म्हणजे "आकडा कमी आला, पाणी आहे" हे घाटावरून शिकून आलेलं वाक्य इथे डोळे मिटून वापरलं की खड्ड्यात.

मी गेलोय त्या खड्ड्यात. सुरुवातीच्या वर्षांत एका बागेत १५ मीटरच्या आसपास १२ ओम-मीटरचा छान जाड थर दिसला, मी छाती काढून सांगितलं इथे मारा. बोअर मारली. वर आली ती पांढरी-पिवळी लगदा माती, पाण्याचा थेंब नाही, वर केसिंग घालेपर्यंत भोक ढासळलं. मालकाने पैशाबद्दल एक शब्द काढला नाही, चहा दिला, त्यानेच जास्त लागलं. शेजारी चारशे पावलांवर चिरेखाण होती आणि तिच्या तळाला तीच माती उघडी पडलेली होती, मी गाडीतून उतरून बघितलीच नव्हती.

म्हणून पहिली पायरी मीटरची नाहीच

मीटर घरी ठेवा आणि एक दिवस पायी फिरा. जवळपास चिरेखाण असेल तर तिची भिंत ही फुकटची बोअर आहे, जांभा किती फुटांचा, खाली माती कुठे सुरू होते, ते टेपने मोजून वहीत लिहा. रस्त्याच्या कटिंगमध्ये बघा. सड्याच्या कडेला झरा कुठल्या पातळीला फुटतो ते बघा, कारण जांभ्यातून उतरलेलं पाणी त्या चिकट थरावर अडतं आणि आडवं चालत कडेला बाहेर पडतं, झऱ्यांची ओळच्या ओळ त्या सांध्यावर सापडते. इथे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिलला हंडा घेऊन फिरावं लागतं ते यामुळेच, जांभा चाळणीसारखा आहे, पाणी थांबत नाही. मग आपल्या सर्वेचा खरा प्रश्न "पाणी कुठे" हा नाही. तो चिकट थर कुठे खोलगट आहे, वर ओला जांभा किती राहतो, आणि खालचा काळा दगड कुठे फुटका आहे, हे ते प्रश्न आहेत. हे मीटर सांगू शकतो.

विहिरी बघा. प्रत्येक बावीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजा, मे मधली मिळाली तर सोन्याहून पिवळं. वयस्कर माणसांना विचारा कुठल्या बावीचं पाणी कधी आटतं, कुठल्या बावीचं उन्हाळ्यात मचूळ होतं. जुनी बोअर असेल तर मारताना कुठल्या रंगाची भुकटी आली हे मालकाला नेमकं आठवतं, पैसे गेलेले असतात ना. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांच्या पातळीच्या नोंदी जिल्ह्याच्या ऑफिसात विचारून बघायला हरकत नाही.

आणि पाणाड्याची टिंगल करू नका. नारळ हातावर उभा राहतो यावर माझा विश्वास नाही, पण चाळीस वर्षं गावोगाव विहिरी खणताना बघितलेला माणूस आहे तो, त्याला कुठे काय लागलं ते पाठ असतं, तेवढं विचारून घ्या.

सामान

रेझिस्टिव्हिटी मीटर कॉलेजात असतो किंवा भाड्याने मिळतो, विकत घ्यायची घाई नको. स्टीलचे रॉड चार, करंटसाठी दोन-चार जादा. वायरची दोन मोठी रिळं, प्रत्येकी २०० मीटरची, आणि दोन छोटी. घण, पहार, दोन १०० मीटरचे टेप, मगरी क्लिपा ढीगभर, कारण त्या हरवतात. पाण्याचे कॅन, जाडं मीठ दोन किलो. वही आणि पेन्सिल, पेन नाही, घामाने आणि दवाने शाई पसरते. गमबूट सगळ्यांना. जांभ्याच्या सड्यावर दगडाच्या फटीत फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप असतो, रॉड ठोकायला जागा शोधताना हात आपण नेमका त्याच फटीत घालतो. आधी काठी, मग हात.

मीटर नसेल तर एक स्वस्त रस्ता सांगतो जो कोणी सांगत नाही. वायरमनकडे किंवा सोलर लावणाऱ्यांकडे चार टोकांचा डिजिटल अर्थ टेस्टर असतो, तो सरळ ओममध्ये रेझिस्टन्स दाखवतो. वेनर मांडणीला तो चालतो. तीन टोकांचा नको, चारच बघून घ्या. त्याने १०-१५ मीटर अंतरापर्यंत चांगलं काम होतं, त्यापुढे त्याचा दम संपतो. शिकायला मात्र मस्त.

पहिला सराव: वेनर

घरामागे मोकळी जागा घ्या. चार रॉड, सारख्या अंतरावर, समजा २ मीटर. रॉड खोल ठोकू नका, अंतराच्या विसाव्या भागाएवढाच, म्हणजे २ मीटरला १० सेंटीमीटर, नाहीतर सूत्र चुकतं. बाहेरचे दोन करंटला, आतले दोन व्होल्टेजला जोडले की आकडा वाचा. सूत्र एवढंच: २ गुणिले ३.१४ गुणिले अंतर गुणिले रेझिस्टन्स. २ मीटरला ४० ओम आला तर १२.५७ गुणिले ४०, साधारण ५०३ ओम-मीटर. झालं.

आता मधला बिंदू तिथेच ठेवून अंतर १, १.५, २, ३, ४, ६, ८, १० असं वाढवत जा. अंतर वाढलं की करंट खोल शिरतो. वेनरमध्ये ढोबळमानाने अंतराच्या निम्म्या खोलीचं दिसतं असं धरा, १० मीटर अंतराला ५ मीटर. हा नियम म्हणजे अंदाज आहे, टेप नाही.

हे दोन-तीन दिवस करा, तोच सेट परत परत. आज ५०३ आणि उद्या ३१० आला तर रॉड हलले, क्लिप गंजली, किंवा रात्री पाऊस पडला. या सरावात हात बसतो. तो बसल्याशिवाय कोणाच्या बागेत जाऊ नका प्लीज.

खरं काम: श्लुंबर्जे मांडणीने खोली शोधणं

खोल बघायचं तर वेनरमध्ये प्रत्येक वेळी चारही रॉड हलवावे लागतात, माणसं दमतात. श्लुंबर्जेमध्ये आतले दोन जवळ जवळ ठेवायचे आणि फक्त बाहेरचे लांब लांब नेत जायचे. बाहेरच्या दोघांना ए आणि बी म्हणतात, आतल्यांना एम आणि एन. नोंद नेहमी एबीच्या निम्म्याची करायची, म्हणजे मध्यापासून एका बाजूला किती: १.५, २, ३, ४, ६, ८, १०, १५, २०, ३०, ४०, ६०, ८०, १०० असं.

सूत्र: एबीच्या निम्म्याचा वर्ग वजा एमएनच्या निम्म्याचा वर्ग, त्याला ३.१४ ने गुणायचं, एमएनने भागायचं. हा झाला गुणक. याला व्होल्टेज भागिले करंटने गुणलं की ओम-मीटर. उदाहरण, मध्यापासून १० मीटर, एमएन १ मीटर, गुणक ३१३. व्होल्टेज १२ मिलिव्होल्ट, करंट ४० मिलिअँपिअर, रेझिस्टन्स ०.३, उत्तर ९४ ओम-मीटर. गुणकांचा तक्ता घरीच काढून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि प्रत्येक वाचन झाल्या झाल्या तिथेच गुणून आलेखावर ठिपका द्या. घरी येऊन हिशोब करू म्हणणारा माणूस घरी आल्यावरच कळून घेतो की तिसरं वाचन चुकलं होतं.

एमएन कधी वाढवायचं? व्होल्टेज मरायला लागलं की. समजा खाली ५० ओम-मीटर आहे, मध्यापासून ६० मीटरवर रॉड, करंट ५० मिलिअँपिअर. एमएन २ मीटर असेल तर मीटरला मिळतं जेमतेम ०.४४ मिलिव्होल्ट, शेजारच्या पंपाच्या गडबडीत ते बुडून जातं. तेच एमएन २० केलं तर ४.५ मिलिव्होल्ट, दहापट. फक्त बदलताना त्याच एबीला जुन्या आणि नव्या दोन्ही एमएनने वाचन घ्यायचं, पुढच्या टप्प्यालाही दोन्हीने, म्हणजे आलेखाचे दोन तुकडे एकमेकांशी जुळवता येतात. दोघांत थोडा फरक येतोच, मधल्या मातीतला असतो तो. खूप फरक आला तर एम किंवा एन वाईट जागी ठोकलाय.

किती लांब जायचं? एबीच्या पूर्ण लांबीच्या साधारण पाचवा हिस्सा खोली. ६० मीटरचं बघायचं तर ३०० मीटर सरळ रेषा हवी. आणि कोकणात ३०० मीटर सरळ रेषा कुठून आणणार! कलमांची बाग, मग गडगा, मग व्हाळ, मग कोणाचं तरी अंगण. माझा अनुभव असा की गाडीरस्ता किंवा पाखाडीच्या कडेने जावं, थोडं वळण चालतं, पण उताराच्या दिशेने वर-खाली जाऊ नका, उताराला आडवं, एकाच उंचीच्या रेषेने जा. वर सड्यावर एक रॉड आणि खाली मळ्यात दुसरा असं केलं की येणारा आकडा कशाचाच नसतो. रेषा सरळ धरायला होकायंत्र वापरत असाल तर जांभ्यावर जरा जपून, देवाचे गोठणेच्या सड्यावर कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई चुकीची दिशा दाखवते हे बघायला लोक मुद्दाम जातात. लांबचं झाड धरून चालणं बरं.

कातळशिल्पांवरून आठवलं. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवणच्या सड्यांवर ती कुठेही असू शकतात, धूळ आणि गवताखाली, २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. रॉड ठोकायच्या आधी झाडू मारून कातळ बघा. रेघ कोरलेली वाटली तर रॉड दुसरीकडे. यावर वाद नको.

सुक्या जांभ्यावर करंट जातच नाही, मग काय

नव्या माणसाचा पहिला दिवस इथेच संपतो. मीटर करंट दाखवतो १ मिलिअँपिअर आणि आकडे नाचतात. कारण रॉडभोवतीचा सांधा सुका. यावर उपाय: उघड्या कातळात रॉड बसेल अशी फट किंवा खळगी शोधा, तिथे माती आणि मिठाच्या पाण्याचा चिखल करून भरा, त्यात रॉड उभा करा, दहा मिनिटं थांबा. तरी नाही भागलं तर करंटच्या टोकाला एकाऐवजी तीन रॉड रेषेला आडवे लावून एकत्र जोडा. एक लक्षात ठेवा, मिठाचं पाणी फक्त करंटच्या रॉडला, एम-एनला साधं पाणी पुरतं. आणि जवळच्या अंतरांना ओतताना हात आखडता, दोन डबकी एकमेकांना मिळाली तर तुम्ही जमीन नाही, डबकं मोजताय.

माझ्या मते शिकायला दिवाळी ते डिसेंबर सगळ्यात चांगलं. माती ओली, रॉड बसतात, ऊन कमी. पण पाण्याच्या जागेचा निर्णय एकाच हंगामावर घेऊ नका, शक्य असेल तर एप्रिल-मे मध्ये तीच रेषा परत मारा. हिवाळ्यात कमी दिसणारा थर मे मध्ये एकदम चढला तर तिथलं पाणी वाहून गेलं. तसाच कमी राहिला तर एक तर पाणी टिकतंय किंवा ती चिकणमातीच आहे. आकाशात गडगडलं की, वैशाखातल्या वळवाच्या वेळी विशेषतः, लगेच वायर सोडवून बाजूला व्हा, सड्यावर पसरलेली ३०० मीटर तार ही विजेला आमंत्रणपत्रिका आहे.

विजेचं निघालंच आहे तर: मीटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो म्हणून निर्धास्त राहू नका, तो आतून शेकडो व्होल्ट करून सोडतो. रॉडवाल्याने "सोडला" म्हणून ओरडल्याशिवाय मीटरवाल्याने बटण दाबायचं नाही. वाचन चालू असताना रॉडजवळ पोरं, गुरं, कुत्रा कोणी नको. एकदा एक म्हैस वायरीवर बसली होती, तिला काही झालं नाही, आमचा एक तास गेला.

आकडे बिघडवणाऱ्या गोष्टी पण बघून ठेवा: लोखंडी पाइपलाइन, तारेचं कुंपण ज्याचे खांब जमिनीत आहेत, ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग, चालू पंप. कुंपणाला समांतर रेषा मारली तर करंट कुंपणातून फिरून येतो आणि तुम्हाला भास होतो की खाली काहीतरी भारी आहे. प्लॅस्टिकच्या पाइपचा त्रास नाही. जमिनीत स्वतःचंही थोडं व्होल्टेज असतं म्हणून प्रत्येक वाचन करंट उलट-सुलट करून घ्यायचं आणि सरासरी धरायची, बरेच मीटर हे आपोआप करतात, तुमचा करतो का ते विचारून घ्या.

आलेख वाचायचा कसा

दोन्ही अक्ष लॉग असलेला कागद, आडवं एबीचं निम्मं, उभं ओम-मीटर. आपल्याकडच्या सड्यावर बहुतेकदा रेष वरून सुरू होते, उतरते, तळ गाठते आणि परत चढते. वर जांभा, मध्ये चिकट किंवा ओला थर, खाली काळा कातळ. याला एच प्रकार म्हणतात. वर मातीचा थर असेल तर आधी जरा चढून मग हे सगळं. शेवटची चढण ४५ अंशापेक्षा जास्त उभी कधीच येऊ शकत नाही, आली तर वायर गळतेय किंवा वाचन चुकलंय, दगड कितीही कडक असला तरी.

मग कॉम्प्युटर. आयपीआय-टू-विन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुनं आहे, पण कामाचं आहे. ते थर आणि जाडी काढून देतं आणि चूक दोन टक्के दाखवतं, आणि नवा माणूस खूश होतो. इथे थांबा. मधला कमी रेझिस्टिव्हिटीचा थर पातळ असेल तर मीटरला त्याची जाडी वेगळी आणि रेझिस्टिव्हिटी वेगळी कळत नाही, दोघांचा भागाकार तेवढा कळतो. १० मीटर जाडीचा २० ओम-मीटरचा थर आणि ५ मीटर जाडीचा १० ओम-मीटरचा थर, दोघांचा भागाकार ०.५. आलेख जवळजवळ तोच. पहिला कदाचित कुजका दगड, दुसरा चिकणमाती. सॉफ्टवेअरने एक निवडून दिलं म्हणजे ते खरं असं नाही, त्याने नाणं उडवलं.

यातून सुटायचा एकच मार्ग मला माहितीये, तो म्हणजे माहिती असलेल्या जागेवर आधी मोजणं. गावात ज्या बोअरचं किंवा बावीचं आतलं सगळं ठाऊक आहे तिच्याजवळ एक पूर्ण साउंडिंग करा, म्हणजे एकाच बिंदूवर अंतर वाढवत वरपासून खोलपर्यंतची सगळी वाचनं घ्या. तिथे चिकणमाती किती मीटरवर आहे ते बावीत वाकून दिसतं, मग ती जाडी सॉफ्टवेअरमध्ये पक्की बसवा आणि बघा तिची रेझिस्टिव्हिटी किती निघते. समजा १४ निघाली. आता या गावात १४ च्या आसपास दिसलं की चिकणमातीचा संशय घ्यायचा, ३५-४० दिसलं तर जीव जरा वर येऊ द्यायचा. दुसऱ्या गावात हा आकडा चालणार नाही. देवगडातनं मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात तर खालचा दगडच बदलतो, बेसॉल्ट संपून क्वार्ट्झाइट आणि त्याहून जुने दगड लागतात, तिथे परत पहिल्यापासून.

खाडी आणि किनाऱ्याजवळ

इथे खाऱ्या पाण्याचा प्रश्न आणि इथे मात्र ही पद्धत खरंच चमकते. वाळूच्या पट्ट्यात, माडांच्या बागेत, गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं कारण ते हलकं. हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर गोडं टिकतं. उलट वाचा: पंपाने पातळी अर्धा मीटर खाली खेचली की खालून खारं पाणी २० मीटर वर यायला बघतं. म्हणून किनाऱ्यावर खोल बोअर मारणं म्हणजे खारं पाणी विकत घेणं, पूर्वजांनी उथळ बावी आणि रहाट ठेवले ते उगीच नाही.

साउंडिंगमध्ये गोडी वाळू ५०-१०० वर आणि मग रेष धाडकन १०, ५, ३ वर येते. ५ च्या खाली गेलं की चिकणमाती म्हणायला वाव फार कमी, खारंच. १० ते २० मध्ये मात्र परत तोच घोळ, खाजणाजवळ तर हमखास. तिथे दोन गोष्टी करा. एक, जवळच्या बावीच्या पाण्यात कंडक्टिव्हिटी पेन बुडवा, स्वस्त असतो, आलेला मायक्रोसीमेन्सचा आकडा १०००० ला भागा, पाण्याची रेझिस्टिव्हिटी मिळते, ५०० असेल तर २० ओम-मीटर म्हणजे गोडं, ५००० असेल तर २ म्हणजे तोंडात धरवणार नाही. दुसरं, मीटरमध्ये आयपीची (इंड्यूस्ड पोलरायझेशनची) सोय असेल तर ती वापरा. करंट बंद केल्यावर व्होल्टेज लगेच शून्य होतं की रेंगाळत उतरतं ते आयपी मोजतं. चिकणमाती भार धरून ठेवते, रेंगाळते, खाऱ्या वाळूत तसं फारसं होत नाही. दोघांना वेगळं करायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, तरी लोक ते बटण दाबत नाहीत कारण वेळ जास्त लागतो.

खाडीकाठी भरती-ओहोटीची वेळ वहीत लिहाच. अमावस्येच्या उधाणाला एक साउंडिंग आणि अष्टमीच्या भांगेला, म्हणजे छोट्या भरतीला, दुसरं, आणि मग दोघांची तुलना, असं करून एकाने बरंच डोकं खाजवलेलं मी बघितलंय.

आणि ती रंगीत चित्रं

४८ किंवा ७२ रॉड एकदम लावून मशीन आपोआप सगळ्या जोड्या मोजतं आणि जमिनीचा उभा काप रंगात काढून देतं, ते टूडी इमेजिंग. चिकट थराचा खोलगटपणा बघायला एकेका बिंदूच्या साउंडिंगपेक्षा कितीतरी चांगलं, जांभ्यातल्या पोकळ्याही त्यात सापडतात, हवा भरलेली पोकळी एकदम जास्त दिसते. रेसआयपाय, पायजिमली ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत, घरी शिकता येतात. पण निळा रंग म्हणजे पाणी असं मालकाला सांगू नका, निळा म्हणजे कमी आकडा, तो रंग सॉफ्टवेअरवाल्याने निवडलाय. चित्राच्या दोन खालच्या कोपऱ्यांत डेटाच नसतो, तिथली जागा कोणालाही दाखवू नका.

बोअर मारतील त्या दिवशी

मशीन येईल तेव्हा तुम्ही तिथे हजर पाहिजे, बहुतेक लोक इथेच कंटाळा करतात. दर १० फुटांना येणारी भुकटी मूठभर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, वर खोली लिहा, रंग लिहा, ओली का सुकी लिहा. पाणी कुठे लागलं तो फूट वेगळा लिहा. त्याच रात्री आपलं साउंडिंग उघडून शेजारी ठेवा आणि कुठे चुकलो ते लाल पेन्सिलने मांडा. माझ्याकडे अशा पिशव्यांचा एक पेटारा आहे, बायको दर पावसाळ्यात टाकून दे म्हणते. नवीन गावात जाताना मी आधी त्यातल्या जवळच्या गावच्या पिशव्या काढून बघतो, सॉफ्टवेअर नंतर.

आणि संध्याकाळी रॉड, क्लिपा गोड्या पाण्याने धुवून पुसून ठेवायच्या. मिठाचं पाणी लागलेलं असतं, क्लिपा दुसऱ्या दिवशी हिरव्या होतात आणि मग सकाळी पहिल्याच वाचनाला आकडे नाचायला लागतात.